फटफटीच्या सायलेन्सरचा गळका सांधा : ओळख, धोका आणि घरची दुरुस्ती



रेडिओवर ऐकलेले काम हातात पाना घेतला की निम्मे विसरते. म्हणून हे पत्रक. ते घरात खुंटीला अडकवून ठेवावे आणि काम करताना समोर धरावे.

आपल्याकडे जुनी फटफटी म्हणजे घरातलाच एक बैल. कुणाकडे बुलेट आहे, कुणाकडे म्हैसूरला तयार झालेली येझदी, तर कुणाकडे 1985 साली बाजारात आलेली हीरो होंडा सीडी 100. दुधाच्या किटल्या, खताचे पोते, बाजारची भाजी, दवाखान्याची घाई, सगळे याच गाडीवर. बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण लगेच हळद-तेल बघतो. पण गाडीच्या सायलेन्सरचा सांधा फुंकायला लागला, तर "आवाजच वाढलाय, चालतंय" म्हणून वर्ष काढतो. हे चालत नाही. का चालत नाही, आणि घरच्या घरी काय करता येते, ते आता बघू.

सांधे कुठे असतात?

इंजिनात पेट्रोल जळाले की तापलेला धूर हेडच्या तोंडातून बाहेर पडतो. टू-स्ट्रोक गाडीत तो सिलिंडरच्या तोंडातून पडतो. तिथून तो वाकलेल्या नळीत, म्हणजे बेंड पाइपमध्ये जातो आणि तिथून सायलेन्सरमध्ये. म्हणजे मुख्य सांधे दोन. पहिला इंजिन आणि बेंड पाइप यांचा, दुसरा बेंड पाइप आणि सायलेन्सर यांचा. पहिला सांधा जास्त तापतो. गाडी चढावर जोर लावून चालत असली की तिथला धूर सहाशे-सातशे अंश सेल्सियसपर्यंत तापतो. अॅल्युमिनियम 660 अंशाला वितळते, यावरून ही धग किती ते समजावे. हेड स्वतः वितळत नाही, कारण वारा लागून ते थंड होत राहते. पण सांध्यात आपण जे काही भरू, ते या धगीत टिकणारे हवे.

सांधा सुटतो का?

कारणे चार आहेत.

एक, हेड अॅल्युमिनियमचे आणि नळी लोखंडाची. दोन्ही तापली की फुगतात, पण अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. गाडी सुरू केली, बंद केली, की सांधा थोडा सरकतो. रोजचे हे सरकणे वर्षानुवर्षे चालले की मधली कडी दबून जाते.

दोन, हादरे. आपले रस्ते आपल्याला माहीत आहेत. सायलेन्सरची मागची पट्टी ढिली किंवा तुटलेली असेल, तर सायलेन्सरचे सगळे वजन पुढच्या सांध्यावर लोंबते. मग कितीही चांगली कडी घाला, महिन्याभरात सांधा पुन्हा फुंकणार.

तीन, गंज. पावसाळ्यात चिखल सांध्याला चिकटतो आणि आतून धुरातले पाणी नळी खाते.

चार, टू-स्ट्रोक गाडीत सायलेन्सर काजळीने तुंबतो. पुढची वाट बंद झाली की धूर सापडेल त्या फटीतून बाहेर येतो. बांध तुंबला की पाणी बिळातून फुटते, तसेच हे. अशा गाडीत आधी सायलेन्सरच्या आतली नळी काढून काजळी खरवडावी, मग सांध्याला हात घालावा.

यात नुकसान काय?

पहिले नुकसान पेट्रोलचे. फोर-स्ट्रोक गाडीत धूर जोराने बाहेर पडला की त्याच्या मागे क्षणभर ओढ तयार होते. लोहाराचा भाता जसा फुंकतो आणि ओढतो, तसा गळका सांधा धूर फुंकतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. मूठ सोडून उताराला लागलो की सायलेन्सरमध्ये न जळलेले पेट्रोल आणि ही हवा एकत्र येते आणि फाट-फाट बार होतात. आपण समजतो कार्ब्युरेटर बिघडला. मग त्याचे स्क्रू फिरवले जातात, पेट्रोल जास्त सोडले जाते, आणि चांगला कार्ब्युरेटर उगीच बिघडतो. म्हणून बार ऐकू आले की आधी सांधा बघा, स्क्रूला नंतर हात लावा. टू-स्ट्रोक गाडीची तर ताकदच नळीतल्या दाबावर अवलंबून असते. सांधा फुटला की चढावर ती दम टाकते.

पीयूसी तपासणीतही घोटाळा होतो. बाहेरची हवा मिसळल्याने यंत्रावर येणारा आकडा खरा राहत नाही.

दुसरे नुकसान आगीचे. सांध्यातून निघणारी झोत थेट एकाच जागी लागते. कडब्याच्या गंजीशेजारी, उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतात अशी गाडी उभी केली, तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. वरून पेट्रोलची तोटी किंवा कार्ब्युरेटर ठिबकत असेल, तर धोका दुप्पट. वर्षाची वैरण एका फटीपायी जाऊ शकते.

तिसरे नुकसान सगळ्यात मोठे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. मग माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातपाय गळाल्यासारखे होतात. पुढे शुद्ध जाते. ज्याला झापड येते त्याला स्वतःला धोका कळत नाही, हीच यातली मेख आहे.

सायलेन्सर धडधाकट असला तरी बंद जागेत इंजिन चालू ठेवणे जिवावरचे असते. पावसाचे दिवस म्हणून पडवीत, गोठ्यात किंवा दार लावलेल्या खोलीत गाडी चालू करून सांधा तपासू नका. दुरुस्ती उघड्या अंगणातच करावी. कुणाला असा त्रास झालाच, तर इंजिन बंद करून माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि 108 नंबरला फोन करा. त्याला प्राणवायूची गरज असते, ती दवाखान्यातच भागते. लिंबू-पाणी पाजत घरी बसू नये.

गळती कशी ओळखावी?

इंजिन पूर्ण थंड असताना गाडी बाहेर उभी करून किक मारा. थंड गाडीत फट मोठी असते आणि तापली की कधीकधी फुगून बुजते. म्हणून सकाळची पहिली किक हीच तपासणीची वेळ.

1. कान द्या. हेडजवळ "चिट् चिट्" किंवा "फस् फस्" आवाज येतो आणि मूठ पिळली की वाढतो. टॅपेटचा आवाजही असाच असतो, पण गाडी तापल्यावरही तो तसाच राहतो. सांध्याचा आवाज बहुधा तापल्यावर कमी होतो.

2. डोळ्यांनी बघा. सांध्याभोवती काळे फराटे असतील तर धूर तिथूनच येतो. टू-स्ट्रोकमध्ये तेलकट काळा ओघळ दिसतो.

3. उदबत्ती लावून तिचा धूर सांध्याभोवती फिरवा. पेट्रोल कुठेही ठिबकत नाही याची खात्री करूनच हे करावे. गळती असेल तिथे धुराची रेघ हलते, तुटते. उदबत्ती नको वाटली तर कोंबडीचे हलके पीस दोऱ्याला बांधून धरा, तेही चालते.

4. साबणाचे पाणी. किक मारल्यावर पहिल्या अर्ध्या-एक मिनिटातच, नळी तापायच्या आत, सांध्यावर चिंधीने साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तिथे फट. नळी तापल्यावर पाणी मारू नका.

हात सांध्याला लावून बघू नये. वीतभर अंतरावरूनही झोत कळते.

लागणारे साहित्य

योग्य मापाचे पाने, तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, जुना चाकू, चिंध्या, थोडे डिझेल किंवा गंज सोडवायचे तेल, गाडीच्या मापाची नवी कडी (दुकानात सायलेन्सर पॅकिंग म्हणून मागा), आणि सायलेन्सरसाठीच असलेली, उष्णता सोसणारी पेस्ट. कडी घ्यायला जाताना जुनी कडी सोबत न्या. मोटरसायकलच्या बाबतीत "जवळपास तेवढीच" हे माप नसते.

सांधा खोलणे

गाडी किमान दोन तास थंड होऊ द्या. पेट्रोलचा कॉक बंद करा. आदल्या रात्री सगळ्या नटांना तेल लावून ठेवले तर सकाळचे निम्मे कष्ट वाचतात.

गंजलेला नट एकदम ओढू नये. थोडा सोडवा, थोडा परत आवळा, पुन्हा तेल टाका. असा मागेपुढे करत आणला की येतो. जोर लावला तर हेडमधला स्टड तुटतो. तुटलेला स्टड काढणे हे लेथवाल्याचे काम आहे. तिथे छिन्नी-हातोडी चालवली तर हेडचे आटे जातात, आणि चार पैशाच्या कडीपायी हेडचा खर्च अंगावर येतो.

येझदी-जावासारख्या गाड्यांत नळी मोठ्या गोल पंखेदार नटाने सिलिंडरला आवळलेली असते. त्यासाठी आकड्यासारखा खास पाना येतो. तो गावातल्या मेस्त्रीकडून घडीभर मागून आणावा, पण छिन्नी लावून ठोकू नये. त्याने पंखे तुटतात.

तोंड साफ करणे

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ छातीत गेली तर वर्षानुवर्षांनी फुप्फुसाचे गंभीर रोग होतात, कर्करोगसुद्धा. म्हणून जुने पॅकिंग कोरडे घासू नका, तोंडाने फुंकू नका. आधी पाण्याने ओले करा, चाकूने हळू खरवडा आणि निघालेला चोथा ओल्या चिंधीसकट पिशवीत बांधून टाका. पोरांना जवळ बसवू नका.

पॅकिंग निघाल्यावर उरलेली काजळी ब्रशने काढा. हेडचे तोंड अॅल्युमिनियमचे, म्हणजे मऊ असते. तिथे कानस मारू नये, पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. आत उतरलेली जुनी कडी कधीकधी काजळीने तोंडालाच चिकटून बसते आणि दिसत नाही. ती काढल्याशिवाय नवी घालू नका. दोन कड्या एकावर एक बसल्या की सांधा वाकडा होतो.

नळीचे तोंडही बघा. कडेला चीर असेल, किंवा नळी बोटाने दाबली तर दबत असेल, तर ती वेल्डिंगवाल्याकडे न्यावी. नळी गाडीवरून उतरवूनच न्या. टाकीखाली वेल्डिंग करून घेऊ नये.

कडी नवी की जुनी?

शक्यतो नवीच घाला. पण सांध्यात निव्वळ तांब्याची भरीव कडी असेल आणि नवी मिळत नसेल, तर जुनी पुन्हा वापरता येते. तांबे दाबून-दाबून कडक होते. ते मऊ करायचे तर कडी शेगडीवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. लोहार विळ्याला पाणी पाजतो तेव्हा पोलाद कडक होते. तांब्याचे याच्या उलट आहे, ते मऊ होते. थंड झाल्यावर पॉलिश पेपरने पुसून बसवा. ज्या कडीवर वरून पातळ पत्रा आणि आत भरण असते, तिला हा उपाय लागू नाही. ती एकदाच वापरायची.

सांधा बसवणे

आधी सगळे ढिले जोडा. ढिल्या हाताने कडी, नळी, सायलेन्सर आणि मागची पट्टी सगळे जागेवर आणा. नळी न ओढता, न वाकवता सरळ बसली पाहिजे. मग आवळायचे ते पुढून मागे. पहिल्यांदा इंजिनाचा सांधा, नंतर मधला क्लॅम्प, शेवटी मागची पट्टी. पट्टी आधी आवळली तर नळी तिरकी ओढली जाते.

दोन नटांचा सांधा असेल, जसा सीडी 100 मध्ये असतो, तर एक नट पूर्ण आवळून मग दुसरा, असे करू नये. इकडे अर्धा फेरा, तिकडे अर्धा फेरा. वाखराच्या दोन्ही बाजू सारख्या दाबल्या तरच तो सरळ चालतो, तसेच हे. फ्लॅन्जच्या मागे दोन अर्धगोल कड्या असतात, त्या सुटून पडलेल्या नाहीत ना हे बघा. हे स्टड बारीक असतात. आखूड पाना वापरा, त्याला पाइप लावून जोर करू नका.

गोल नटाच्या सांध्यात नट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा. सहज फिरला तर आटे बरोबर बसले असे समजा. अडखळला तर परत काढा.

जुन्या बुलेटला नटच नसतो, नळी हेडच्या तोंडाशी घट्ट ठोकून बसवलेली असते. तिथे तोंड साफ करून पेस्टचा पातळ थर द्यावा आणि लाकडाचा ठोकळा मध्ये धरून नळी हळूहळू ठोकून बसवावी. हातोडी थेट नळीवर मारू नये. नळी हलत असेल इतकी जागा झाली असेल, तर लेथवाल्याकडून पातळ बाही करून घ्यावी. पेस्टने ती जागा भरत नाही.

नटांच्या आट्यांना ग्रीसपेक्षा तांब्याची पूड असलेली ग्रीस लावली तर पुढच्या वेळी नट सहज सुटतात. साधी ग्रीस जळून जाते.

पेस्ट कुठे, किती?

पेस्ट ही मदतनीस आहे, कडीची जागा ती घेत नाही. केसासारखी फट ती बुजवते, मोठे भोक नाही. बेंड पाइप आणि सायलेन्सर जिथे एकात एक जातात, तिथे तिचा खरा उपयोग. दोन्ही तोंडे कोरडी, बिनतेलाची करा. आतल्या नळीवर पातळ थर लावा, नळी फिरवत आत घाला, क्लॅम्प आवळा, बाहेर आलेली पेस्ट पुसा. मग पाकिटावर लिहिला असेल तेवढा वेळ वाळू द्या. घाईने गाडी दामटली तर ओली पेस्ट फुगते आणि भुसभुशीत होते.

लाल रंगाची सिलिकॉन पेस्टही बाजारात मिळते. ती साधारण तीनशे अंशांपर्यंत टिकते. सायलेन्सरच्या मागच्या, कमी तापणाऱ्या जोडावर ती चालेल, हेडच्या तोंडाशी चालणार नाही.

शेवटची तपासणी

गाडी अंगणात दहा मिनिटे हळू चालू ठेवा, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, आणि नट पुन्हा एकदा पाहा. पहिल्या तापण्यात कडी दबते, म्हणून नट थोडा ढिला होतोच. हा दुसरा आवळा दिला नाही तर सगळी मेहनत वाया जाते. आठवडाभराने आणखी एकदा बघावे. मग उदबत्तीची तपासणी करून काम संपले असे समजा.

वाटेत अडचण आली तर

नळीला मध्येच भोक पडले आणि घर दूर असेल, तर गाडी थंड झाल्यावर पत्र्याच्या डब्याचा तुकडा नळीभोवती गुंडाळून लोखंडी तारेने किंवा क्लिपने आवळा. घरापर्यंत पोचायला एवढे पुरे. हा उपाय सरळ नळीपुरता आहे आणि त्या दिवसापुरताच आहे.

हे करू नका

- सांध्यात एम-सील, ट्यूबचा रबर, गोणपाट किंवा सिमेंट भरू नका. रबर आणि गोणपाट जळते, एम-सील मऊ पडून सुटते, सिमेंट हादऱ्याने तडकते.
- छपराच्या सिमेंट पत्र्याचा तुकडा कापून पॅकिंग करू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकते.
- तापलेल्या नळीवर पेट्रोलने पुसू नका.
- गाडी चालवून आल्यावर कडब्याजवळ किंवा पाचटावर उभी करू नका, सांधा चांगला असला तरी.

आणि विहिरीवरच्या इंजिनाचे काय?

हाच सगळा विचार पाण्याच्या इंजिनालाही लागू आहे. उलट तिथे जास्तच. पाणी खाली गेले म्हणून काही जण पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन विहिरीत उतरवतात, किंवा अरुंद खड्ड्यात बसवतात. विहिरीत वारा फिरत नाही, धूर तिथेच साचतो. खाली उतरलेला माणूस पडला म्हणून दुसरा उतरतो, आणि तोही पडतो. म्हणून इंजिन विहिरीत उतरवूच नये. ते काठावर ठेवून भागत नसेल, तर विजेचा पाणबुडी पंप बघावा. खाली कुणी बेशुद्ध दिसला तर दोराशिवाय आणि मदतीशिवाय मागे उडी मारू नका, आधी लोकांना हाका मारा.

थोडक्यात सांगायचे तर

सकाळच्या पहिल्या किकला कान द्या. कारण आधी शोधा, कडी नंतर बदला. जुने पॅकिंग ओले करूनच काढा. पुढून मागे आवळा, दोन्ही बाजू सारख्या आवळा, थंड झाल्यावर पुन्हा आवळा. काम उघड्यावर करा. स्टड तुटला, आटे गेले किंवा नळीच कुजली, तर मात्र हट्ट न करता मेस्त्रीकडे जा.

एक सकाळ आणि एक कडी, एवढाच हा खर्च आहे. येत्या बाजारच्या दिवशी जुनी कडी खिशात टाकून निघा, आणि शेजाऱ्याची गाडी फुंकत असेल तर हे पत्रक त्यालाही वाचून दाखवा.